दोन ठोके आणि हिरवा ठिपका

अमोनियाचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही, असं शीतगृहात काम केलेली माणसं सांगतात. माझ्या नाकातून तो केव्हाच गेला. राहिला तो लोखंडी पाइपावर पाना आपटल्याचा आवाज. आजही शेजारी कोणी नळ दुरुस्त करत असेल आणि पाइपावर ठोका पडला, की मी हातातलं काम सोडून उत्तराच्या ठोक्याची वाट बघत उभी राहते. घरातल्यांना आता याची सवय झाली आहे.

नारायणगावच्या परिसरात द्राक्षांचं एक खासगी शीतगृह होतं. नेमकं कुठे ते सांगत नाही. नव्वदचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी नुकतीच घरी परतले होते आणि घोडेगावहून मंचर, मंचरहून नारायणगाव अशा दोन एसट्या बदलून रोज तिथे कामाला जात होते. मला घेतलं होतं खोक्यांवरची लेबलं छापायला. पण मालकांना कळलं की या मुलीला प्रोग्रॅमसुद्धा लिहिता येतो, आणि त्यांच्या डोक्यात कल्पना आली. परदेशी खरेदीदार पाहणीला येतात, त्यांना प्रत्येक खोलीचं तापमान स्क्रीनवर दिसलं पाहिजे. खोल्या थंड ठेवणाऱ्या पाइपांतला अमोनिया गॅस हवेत सुटलाय का तेही दिसलं पाहिजे. आणि दर मिनिटाची नोंद कागदावर छापून मिळाली पाहिजे.

नोंद म्हटल्यावर मी हरखलेच. आमच्या घरात लिहिलेल्या कागदाला फार मान. आजोबांना अक्षरओळख नव्हती. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर वडिलांना शाळेत घातलं. वडील पुढे शिक्षक झाले. घरात कसलाही वाद निघाला की ते विचारायचे, "लिहिलेलं आहे का कुठे?" लिहिलेलं असलं की वाद संपायचा. मीही तशीच वाढले. तोंडी बोलण्यावर माझा फारसा विश्वास नव्हता, आणि ठोक्यांवर तर मुळीच नव्हता.

ठोके म्हणजे काकांचे. काका म्हणजे तिथले प्लांट ऑपरेटर, येडगावच्या बाजूचे, पन्नाशी ओलांडलेले. आधी एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर होते, आणि ही पद्धत त्यांनी तिथूनच आणली होती. थंड खोलीत बायका खोकी रचायला गेल्या की दार बाहेरून ओढून घ्यावं लागे, नाहीतर थंडी वाया जाते. मग दर दहा मिनिटांनी काका प्लांटरूममधून खोलीत जाणाऱ्या पाइपाच्या आधाराच्या अँगलवर पान्याने दोन ठोके मारायचे. आतल्या बाईने दोन ठोके परत मारायचे. उत्तर आलं की काका परत स्टुलावर बसायचे. बायका त्यांची चेष्टा करत, "काका, अजून जिती हाय, काळजी नका करू!" एकदा एकीने मुद्दाम गंमत म्हणून उत्तर दिलं नाही. काका तोंडावर ओला पंचा बांधून धावत आत शिरले आणि ती हसत उभी. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "बाई, ठोक्याची मस्करी नाय करायची." त्यानंतर कोणीही केली नाही.

मी तीन महिने खपून प्रोग्रॅम लिहिला. लिनक्सवर, सी भाषेत, आणि मला त्याचा भारी तोरा होता. खोल्यांमधल्या सेन्सरच्या वायरी कॉम्प्युटरला जोडल्या होत्या. तापमान आणि गॅसचा आकडा यायचा, स्क्रीनवर दिसायचा, फाइलमध्ये लिहिला जायचा. एक स्क्रीन प्लांटरूममध्ये, एक माझ्या ऑफिसात. भोंग्याची जोडणी मात्र काकांनी सांगितली तशी केली होती. प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी भोंग्याला 'मी आहे' असं कळवायचा. ते कळवणं थांबलं की भोंगा आपोआप वाजणार. म्हणजे गॅस सुटला तरी भोंगा, आणि प्रोग्रॅम मेला तरी भोंगा. काका म्हणाले होते, "जागल्या झोपला तर बोंब व्हायला पायजे, न्हाईतर जागल्या कशाला ठेवायचा?" मला ते पटलं होतं.

पण प्रोग्रॅम मरायला लागला. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. भोंगा वाजला की सगळ्या बायका हातातली घड साफ करायची कात्री टाकून अंगणात पळायच्या. काका खोल्या तपासायचे, गॅस नसायचाच. मग अर्ध्या तासाने काम सुरू, तोवर द्राक्षं बाहेर तापत पडलेली. मालक मला सगळ्यांसमोर काही बोलले नाहीत, ऑफिसात येऊन शांतपणे म्हणाले, "मॅडम, काहीही करा, पण हा प्रोग्रॅम मरता कामा नये." हे वाक्य मी शब्दशः घेतलं, तिथेच माझं चुकलं.

तो का मरत होता हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरमालक आणि प्रोग्रॅम म्हणजे भाडेकरू, असं समजा. भाडेकरूला दिलेल्या खोल्या ठरलेल्या असतात. त्याने दुसऱ्याच्या खोलीत पाय टाकला की घरमालक त्याला सिग्नल पाठवतो, आणि बहुतेकदा त्या सिग्नलचा अर्थ एकच असतो, तू संपलास. दोन नंबरच्या खोलीतल्या सेन्सरची वायर दमट होऊन कधीकधी आकड्याऐवजी लांबलचक कचरा पाठवायची. मी त्या ओळीसाठी जागा ठेवली होती लहान. कचरा मावायचा नाही, शेजारच्या जागेत सांडायचा, प्रोग्रॅम भलतीकडे हात घालायचा आणि सिस्टिम त्याला मारून टाकायची.

खरं तर जागा मोठी करायची आणि कचरा ओळखून फेकून द्यायचा, एवढंच करायला हवं होतं. पण चूक नेमकी कुठे आहे हे तेव्हा मला सापडलं नव्हतं. मी फक्त प्रोग्रॅम मरताना बघत होते. आणि पुस्तकात वाचलं होतं की बहुतेक सिग्नल प्रोग्रॅमला अडवता येतात. ठार मारण्याचा म्हणून एक सिग्नल असतो, त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही, पण हा आमचा सिग्नल अडवता येण्यातला होता. सिग्नल आला की काय करायचं ते आपण लिहून ठेवायचं. मी लिहून ठेवलं, काहीही करू नकोस, आलास तसा परत फिर. तीन ओळींचं काम होतं ते.

त्याआधी आणखी एक शहाणपणा मी केला होता. सेन्सरचं उत्तर उशिरा आलं की भोंगा उगीच वाजायचा, म्हणून भोंग्याला कळवणं, फाइलमध्ये नोंद लिहिणं आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एका हिरव्या ठिपक्याची उघडझाप करणं, ही तिन्ही कामं मी घड्याळाच्या सिग्नलवर टाकली होती. सिस्टिम दर सेकंदाला प्रोग्रॅमला टपली मारणार, आणि प्रोग्रॅम बाकी काहीही करत असला तरी ही तीन कामं ज्याच्या त्याच्या वेळेला उरकणार. ठिपका उघडझाप करतोय म्हणजे प्रोग्रॅम जिवंत, असं मी सगळ्यांना सांगितलं.

दोन नंबरची वायर हलली की प्रोग्रॅम मरतो एवढं दिसलं होतं, म्हणून एका दुपारी मी ती मुद्दाम हलवून बघितली. भोंगा गप्प. प्रोग्रॅम चालू. ठिपका लुकलुक करतोय. तापमान शून्य पूर्णांक आठ. दहा मिनिटं मी समोर बसून राहिले, आकडा शून्य पूर्णांक आठच. माझा जीव भांड्यात पडला. शीतगृहात आकडा हलला नाही म्हणून कोण दचकतंय? आकडा न हलणं हेच तर शीतगृहाचं काम. मालकांनी पेढे वाटले. मी पहिला पेढा काकांना द्यायला गेले आणि त्यांना समजावून सांगितलं, की आता आतून काही बिघडलं तरी प्रोग्रॅम पडणार नाही, उठून उभा राहील.

काकांनी पेढा हातातच धरला. म्हणाले, "म्याडम, आधी मेलं तर कळत तरी व्हतं. आता मेलं तरी कळणार न्हाई का?"

मला राग आला. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्याने बरोबर प्रश्न विचारला की येतो तसला राग. मी म्हटलं, "काका, ठिपका आहे ना. आणि आता ते ठोके बंद करा. पाहुणे येतात, त्यांना काय वाटेल? सगळं स्क्रीनवर लिहिलेलं आहे." मालकांनीही तेच सांगितलं. काकांनी पाना भिंतीवरच्या खिळ्याला लावला. दोन महिने तो तिथेच होता. जाता-येता मला तो दिसायचा आणि का कोण जाणे, मी नजर काढून घ्यायचे.

मार्चमधली दुपार. दुसऱ्या दिवशी कंटेनर भरायचा होता, म्हणून सगळी माणसं घाईत. जेवणाची सुट्टी संपली, दोन बायका ट्रॉली घेऊन दोन नंबरच्या खोलीत गेल्या आणि दार ओढलं गेलं. मी ऑफिसात लेबलं छापत होते. प्रिंटरच्या आवाजातूनही मला ते ऐकू आलं, ठण् ठण्. दोन महिन्यांनी पहिल्यांदा. मी चिडले. सांगूनसुद्धा ऐकत नाहीत, असं पुटपुटलेही. थोड्या वेळाने पुन्हा, ठण् ठण्, या वेळी जोरात. मी मान वळवून स्क्रीनकडे बघितलं. तापमान शून्य पूर्णांक आठ. गॅस शून्य. हिरवा ठिपका व्यवस्थित उघडझाप करत होता. मी पुन्हा लेबलांकडे वळले.

हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. ठोक्यांना उत्तर आलं नाही हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. आणि मी स्क्रीनवर विश्वास ठेवला.

मग आरडाओरड झाली. मी बाहेर धावले तेव्हा काका एका बाईला काखेत धरून बाहेर आणत होते. डोळ्यांना झोंबणारी हवा दारातून लोटत होती. बाईला अंगणात टाकून ते परत आत गेले. तोंडावरचा पंचा कुठेतरी सुटून पडला होता. दुसरीला घेऊन ते बाहेर आले आणि दारातच गुडघ्यावर बसले. आतल्या कॉइलचा, म्हणजे गॅस खेळवणाऱ्या नळ्यांचा, सांधा सुटला होता, आणि आतून दार उघडायची मूठ बर्फाने धरली होती. काकांनी आत शिरण्याआधी त्या खोलीचा व्हॉल्व्ह बंद केला होता, म्हणून तेवढ्यावर निभावलं. तिघांना जीपमधून दवाखान्यात नेलं. अंगणात बायका रडत होत्या. भोंगा शेवटपर्यंत वाजला नाही.

मी ऑफिसात परत आले. स्क्रीनवर गॅस शून्य होता आणि ठिपका अजूनही लुकलुक करत होता. नोंदीची फाइल उघडली तर दीड वाजून गेल्यानंतर प्रत्येक मिनिटाला तीच ओळ. शून्य पूर्णांक आठ, गॅस शून्य. दार उघडून ट्रॉली आत गेली तेव्हाही शून्य पूर्णांक आठ. दार उघडलं की आकडा अर्धा-पाऊण अंशाने वर जायलाच हवा. तो हलला नव्हता, कारण वाचणारा केव्हाच मेला होता. दीड वाजता कचऱ्याची ओळ आली असणार. सिस्टिमने सिग्नल पाठवला, माझ्या तीन ओळी म्हणाल्या, परत फिर. प्रोग्रॅम परत फिरला तो त्याच चुकीच्या पायरीवर, पुन्हा सिग्नल, पुन्हा परत. सेकंदाला हजारो वेळा. तो ना मरत होता ना जगत होता. आणि मधल्या फटीतून घड्याळाची टपली येत होती, ठिपका उघडझाप करत होता, नोंद लिहिली जात होती. रोज सकाळी मी प्रोग्रॅम नव्याने सुरू करायचे, त्यामुळे आधीही तो असाच गोठला असेल तर कोणाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी तपासणीचे साहेब आले. मालक मला म्हणाले, "मॅडम, कालची नोंद छापून द्या." मी छापून दिली. साहेबांनी कागद वाचला आणि त्यांचा निष्कर्ष सरळ होता. माणसांच्या सांगण्यानुसार दोन वाजून पाच मिनिटांनी ऑपरेटर जागा सोडून उठला. त्या वेळेपर्यंत कागदावर गॅस शून्य, आणि त्यापुढच्या ओळी त्यांनी बघितल्याच नाहीत. म्हणजे गॅस आधी सुटला नव्हता, ऑपरेटरने काही कारण नसताना व्हॉल्व्हला हात घातला आणि त्यात सांधा गेला. साहेबांनी मला विचारलं, "ही नोंद बरोबर आहे?" मी म्हटलं, "प्रोग्रॅम चालू होता, सर." हे खोटं नव्हतं. म्हणूनच त्याची मला जास्त लाज वाटते.

दोन्ही बायका आठवड्याभरात घरी गेल्या. काकांना काढून टाकल्याचं पत्र त्यांना दवाखान्यातच मिळालं. मी रोज कामावर जात होते. डबा खात होते, लेबलं छापत होते, कोणी हसलं की हसत होते. भीती होतीच, नोकरी जाईल, वडिलांना कळेल. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. लिहिलेला कागद खोटा असू शकतो, आणि तो मी लिहिलेला आहे, हे मला स्वतःशीसुद्धा म्हणवत नव्हतं. अकरा दिवस मी गप्प होते. बाराव्या दिवशी मी बसले आणि तपासणीच्या साहेबांना पत्रात सगळं लिहून काढलं, त्या तीन ओळींसकट. नोंदीच्या कागदावर जिथून आकडा गोठला तिथे लाल रेघ ओढली.

त्या पत्राचं पुढे काय झालं ते आताच सांगून टाकते. सहा महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, नोंद घेण्यात आली आहे. मालकांनी मला जायला सांगितलं आणि नवीन यंत्रणा आणली. काका परत कामावर गेले नाहीत. त्यांना परत बोलवलंही नाही.

पण पत्र टाकायच्या आधी मी ते घेऊन काकांच्या घरी गेले होते. दुपारची वेळ होती. ते पडवीत लोखंडी खाटेवर बसले होते. त्यांचा आवाज गेला होता, उरली होती ती कुजबुज, आणि तीही मधेच तुटायची. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, सावकाश वाचलं.

"दार उघाडल्यावर आकडा हलला न्हाई," ते म्हणाले, "म्हणून तर उठलो."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तुमचं कागदावर व्हतं. माझा ठोका कुठं लिवलेला?"

मला त्यांच्याकडे बघवेना. बराच वेळ ते खोकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे लिवलं कवा?"

"काल."

"आन् कळलं कवा?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "त्याच दिवशी."

काकांनी चष्मा काढला. माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "म्हंजे," ते कुजबुजले, "तुमीबी त्या ठिपक्यावानीच."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ते माझी समजूत घालायला पुढे झाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी उशाचा स्टीलचा पेला उचलला आणि खाटेच्या पायावर दोनदा आपटला. मग माझ्याकडे बघत थांबले.

मला कळायला वेळ लागला. मी बोटातली अंगठी खाटेच्या दांड्यावर दोनदा आपटली.

त्यांनी पत्र घडी करून माझ्या हातात परत दिलं. "जा," म्हणाले. "पोस्ट बंद व्हायच्या आत टाका."